घरच्या प्रिंटरवर खेळाचे पत्ते छापायचे आहेत? मग आधार कार्डाचं माप धरा

स्वतः बनवलेला पत्त्यांचा खेळ छापायचा असेल किंवा इंटरनेटवर फुकट मिळणारा एखादा प्रिंट अँड प्ले खेळ उतरवून गावात खेळायचा असेल, तर हे पूर्ण वाचा, बराच कागद अन् शाई वाचेल. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, घरी साधा इंक टँक प्रिंटर आहे, अन् शाळेतल्या पोरांसाठी पिकांचे, पक्ष्यांचे, पाढ्यांचे असे बरेच कॅट मी घरीच छापतो. व्हिडिओ पाहायला बसलं की जो तो सांगतो, अमुक काळ्या गाभ्याचा कागद आणा, तमुक कंपनीचं कोपरे गोल करायचं मशीन आणा, अन् आपल्या तालुक्याच्या गावात यातलं काहीच भेटत नाही. मागवायचं म्हटलं तर कागदाच्या किमतीपेक्षा कुरिअरचा खर्च जास्त होतो.

पण आपल्या तालुक्यात दोन गोष्टी हमखास असतात. एक म्हणजे आधारचं पीव्हीसी कार्ड काढून देणारं सेवा केंद्र, अन् दुसरी लग्नपत्रिका छापणारी प्रेस. पहिल्याकडे कार्ड कापायचा पंच अन् लॅमिनेशन मशीन असतं, दुसऱ्याकडे जाड कागद अन् मोठं कटिंग मशीन. आपला पत्ता या दोघांच्या सामानात बसेल असा आधीच आखला तर सगळं काम तालुक्यातच होतं. या लेखात मी तेच सांगतोय.

उदाहरणासाठी पिकांचा खेळ घेऊ. नऊ पिकं: कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा, गहू, ज्वारी, धान, मिरची, संत्रा. प्रत्येकाचे चार पत्ते: लागवड, निंदण-डवरण, फवारणी, काढणी. हे झाले ३६. वर १८ आडकाठीचे पत्ते: अवकाळी, बोंडअळी, रानडुकरं, लाइन गेली वगैरे. एकूण ५४. चारही पत्ते जमले की पीक घरात आलं, एवढाच खेळ.

१. आधी माप पक्कं करा

बाहेरच्या बहुतेक खेळांचे पत्ते ६३ × ८८ मिमीचे असतात, त्याला पोकर साइज म्हणतात. इंचात २.५ × ३.५. दुसरं एक माप ब्रिज साइज, ५७ × ८९ मिमीच्या आसपास. नवखा माणूस डोळे झाकून पोकर साइज धरतो, अन् मग ५४ पत्ते कात्रीनं कापत बसतो, कोपरे गोल करायला काही नाही, दहावा पत्ता पहिल्यापेक्षा एक मिमी लहान.

तुम्ही ५४ × ८६ मिमी धरा. आधार, पॅन, एटीएम, सगळी कार्डं याच मापाची असतात, जगभर हे एकच माप चालतं, बारीक मोजायचं तर ८५.६० × ५३.९८ मिमी. सेवा केंद्रातला पंच याच मापाचा असतो अन् तो एका दाबात चारही बाजू अन् चारही गोल कोपरे कापतो. प्रत्येक पत्ता अगदी सारखा. हातानं कितीही जपून कापा, पंचाची सर येत नाही. शिवाय ५६ × ८७ मिमीच्या पत्त्यांसाठी जे प्लास्टिकचे स्लीव्ह (पत्ता घालायची पाकिटं) ऑनलाइन मिळतात त्यात हा पत्ता आरामात जातो, अन् चौथी-पाचवीतल्या पोरांच्या हातात अरुंद पत्ता जास्त चांगला मावतो.

पण आधार कार्डाचं फक्त माप घ्या, जाडी घेऊ नका. सेवा केंद्रवाला हमखास म्हणेल की ड्रॅगन शीटवर (इंकजेटवर छापून कार्ड बनवायची पीव्हीसी शीट) काढून देतो, एकदम एटीएमसारखं होईल. दिसायला सुंदर होतं यात वाद नाही. पण पीव्हीसी कार्ड ०.७६ मिमी जाड असतं, ५४ कार्डांची थप्पी चार सेंटीमीटरच्या वर जाते, ती पिसता येत नाही अन् पोरांच्या एका हातात धरवत नाही. नेहमीचा खेळायचा पत्ता साधारण ०.३ मिमीचा, म्हणजे तेवढीच थप्पी दीड सेंटीमीटरच्या थोडी वर. त्यामुळं पीव्हीसी फक्त जे पत्ते पिसायचे नसतात त्यांच्यासाठी ठेवा, म्हणजे खेळाडूचं ओळखपत्र, नियमांचं कार्ड, बाजारभावाचं कार्ड अशांसाठी.

आणखी एक. ए४ कागदावर या मापाचे नऊ पत्ते बसतात, म्हणून खेळातल्या पत्त्यांची संख्या नऊच्या पाढ्यात ठेवा. ३६, ४५, ५४. ५४ म्हणजे बरोबर सहा पानं. ५५ केलेत तर एका पत्त्यासाठी सातवं पान, तेवढीच शाई, लॅमिनेशनचं तेवढंच पाउच.

२. काय काय लागेल

घरी पाहिजे: इंकजेट प्रिंटर (टँकवाला असला तर उत्तम, कारण रंगीत छपाईत कार्ट्रिज परवडत नाही), कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, लिब्रेऑफिस हे लिहायचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे. चित्रांसाठी इंकस्केप, तेही फुकट. स्टीलची पट्टी, लाकडी किंवा प्लास्टिकची नको, कटर तिला सोलून काढतो. नव्या पात्याचा कटर. खाली ठेवायला कटिंग मॅट, नसेल तर जाड काचेचा तुकडा किंवा हार्डबोर्ड. पेन्सिल.

तालुक्यातून: १३० जीएसएमचा (एका चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा) दोन्ही बाजूंनी छापता येणारा मॅट (न चमकणारा) इंकजेट कागद, ए४चे पातळ लॅमिनेशन पाउच. मॅट कागद बऱ्याच स्टेशनरीवाल्यांकडे नसतो, ते ग्लॉसी फोटो पेपर काढून देतात. पाकिटावर "दोन्ही बाजू" अन् "मॅट" हे दोन्ही पाहा, एकाच बाजूला कोटिंग असलेला कागद घेतला तर मागची छपाई फिकी अन् पसरलेली येते. तिथं नाहीच भेटला तर कोणी नागपूरला किंवा अमरावतीला जात असेल त्याला सांगा, एक पाकीट लय दिवस पुरतं.

३. कागदाचे चार रस्ते, अन् मी कुठला धरतो

पहिला रस्ता: साधा ८० जीएसएमचा झेरॉक्सचा कागद, कापून स्लीव्हमध्ये घाला, मागे एक जुना पत्ता. सगळ्यात सोपं, छपाई एकाच बाजूला, मागची बाजू जुन्या पत्त्याची म्हणून सगळे पत्ते मागून सारखेच. फक्त जुना पत्ता अन् स्लीव्ह दोन्हींचं माप आधी पट्टीनं मोजा, कारण बाजारातले सगळे कॅट एकाच मापाचे नसतात. खेळ अजून बदलतोय तोवर हाच रस्ता बरा.

दुसरा: २०० ते २५० जीएसएमच्या जाड कागदावर सरळ छापायचं. इथं प्रिंटरचा स्वभाव पाहा. ज्यात कागद मागून उभा टाकतात अन् पुढून निघतो त्याच्यात जाड कागद बऱ्यापैकी सरळ जातो. ज्यात खालच्या ट्रेमधून कागद जातो अन् आतल्या आत वळून वर येतो त्याच्यात जाड कागद अडकतो किंवा वाकडा निघतो. मॅन्युअलमध्ये किती जीएसएमपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, त्याच्या वर जबरदस्ती करू नका, रोलर खराब झाला तर दुरुस्तीवाला जिल्ह्याच्या ठिकाणीच.

तिसरा: १३० जीएसएम मॅट कागद, दोन्ही बाजूंनी छापून वर पातळ लॅमिनेशन. मी हाच धरतो. हिशोब पाहा, कागद साधारण ०.१५ मिमी, पाउच एका बाजूला ८० मायक्रॉन (म्हणजे ०.०८ मिमी) धरलं तर दोन्ही बाजू मिळून ०.१६, म्हणजे बेरीज ०.३च्या जवळ, खऱ्या पत्त्याएवढी. प्रिंटरला कागद जड जात नाही, पाणी लागलं तर पुसता येतं, अन् पोरांचे हात कसे असतात ते सांगायला नको. १२५ किंवा त्याच्यावरचं पाउच घेऊ नका, पत्ता काचेसारखा कडक होतो अन् पिसताना सटकतो.

चौथा: स्टिकर पेपरवर छापून जुन्या पत्त्यावर चिकटवणे. हा मी सांगणार नाही. प्रत्येक स्टिकर केसभर तिरका बसतो, अन् उन्हाळ्यात कडा उचकटतात, त्याला धूळ चिकटते अन् पत्ता मागून ओळखू येतो.

कुठलाही कागद घ्या, एक चाचणी करा. छापलेला पत्ता खिडकीकडे धरून मागून बघा. समोरचं चित्र मागून दिसत असेल तर तो कागद खेळाच्या कामाचा नाही.

४. फाइल बनवणे

लिब्रेऑफिसमध्ये लेबल नावाची सोय आहे, फाइल, न्यू, लेबल्स. पत्त्यांसाठी यापेक्षा सोपं मला काही सापडलं नाही, कारण माप एकदा भरलं की नऊ चौकटी आपोआप आखून येतात. कागद ए४ निवडा अन् फॉरमॅटच्या पानावर हे आकडे भरा:

आडवं अंतर ५.८० सेमी, उभं अंतर ९.०० सेमी, रुंदी ५.८० सेमी, उंची ९.०० सेमी, डावी मोकळी जागा १.८० सेमी, वरची १.३५ सेमी, कॉलम ३, ओळी ३.

तुम्ही म्हणाल पत्ता ५४ × ८६चा, अन् चौकट ५८ × ९०ची काहून? चारही बाजूंनी दोन-दोन मिमी जास्तीचा रंग ठेवलाय. पंच किंवा कटर एक मिमी इकडे-तिकडे सरकतोच, अन् पत्त्याचा रंग बरोबर कडेपर्यंतच असला तर तिथं पांढरी रेघ राहते. रंग बाहेरपर्यंत पसरलेला असला की कुठंही कापलं तरी कड भरलेली दिसते. प्रेसवाले याला ब्लीड म्हणतात. याची दुसरी बाजू पण लक्षात ठेवा, अक्षरं अन् आकडे चौकटीच्या कडेपासून कमीत कमी सहा मिमी आत ठेवा, नाहीतर भाव किंवा गुण कापले जातात.

चित्र वेगळं बनवून टाकत असाल तर ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) ५८ × ९० मिमी म्हणजे ६८५ × १०६३ पिक्सेल. त्याहून लहान चित्र ताणून मोठं केलं तर छापल्यावर भुरकट दिसतं, मोबाइलच्या स्क्रीनवर चांगलं दिसलं तरी.

पत्त्याभोवती बारीक काळी चौकट काढायचा मोह टाळा. दोन मिमीची बॉर्डर असली अन् कापताना अर्धा मिमी सरकला की एका बाजूला दीड अन् दुसऱ्या बाजूला अडीच, ते लगेच डोळ्यात खुपतं. बॉर्डर पाहिजेच तर चांगली पाच मिमीची ठेवा किंवा ठेवूच नका.

चित्रं कुठून आणायची? आपल्या वावरातली आणा. बोंड फुटलेली पराटी, तुरीच्या शेंगा, संत्र्याचा आंबिया बहार, मोबाइलनं सकाळी नाहीतर संध्याकाळी काढलेले फोटो. आमच्याकडे पोरंच चित्रं काढतात, ती अंगणात सावलीत जमिनीवर ठेवून वरून सरळ फोटो घ्यायचा, उन्हात घेतला तर हाताची सावली येते अन् कागद चमकतो. दुसऱ्याची चित्रं गुगलवरून उचलून खेळ विकायला काढू नका. प्रिंट अँड प्लेच्या फाइलवरही काय परवानगी दिलीय ते वाचा, बहुतेक जण घरी छापून खेळायला देतात, छापून विकायला नाही.

उतरवलेल्या फाइलचा एक वेगळा त्रास आहे. अमेरिकेतल्या लोकांनी बनवलेल्या फाइली लेटर कागदाच्या असतात, तो २१६ × २७९ मिमी, आपला ए४ २१० × २९७. पोकर साइजचे नऊ पत्ते दोन्हींवर बसतात, त्यामुळं काळजी नाही, पण छापताना प्रिंटर आपोआप फाइल लहान करतो. ते कसं थांबवायचं ते पुढं सांगतो.

५. मराठी अक्षरं नीट यावीत म्हणून

पहिली गोष्ट, युनिकोडमध्येच (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारी अक्षरांची पद्धत) टाइप करा. प्रेसमध्ये अजून बऱ्याच ठिकाणी कृतिदेव किंवा श्री-लिपीवर काम चालतं, तिथं टाइप करून आणलेलं तुमच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर नुसतं अगम्य दिसतं. मुक्ता, बालू, नोटो सॅन्स देवनागरी हे फॉन्ट फुकट आहेत अन् जोडाक्षरं नीट दाखवतात. मुक्ता बारीक मजकुराला, बालू पिकाच्या नावाला, असं जमतं.

आकार ११ पॉइंटच्या खाली नेऊ नका. इंग्रजी पत्त्यांवर ८ पॉइंटही वाचता येतं, पण आपल्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा अन् खाली उकार असतो, लहान केलं की "पिक" आहे की "पीक" कळत नाही, अन् संध्याकाळी ओसरीवर एका बल्बखाली तर नाहीच नाही. ओळींमधलं अंतर १३० टक्के ठेवा. अन् चौकटीत वरची ओळ अगदी चिकटून असेल तर रफार अन् वेलांटी कापली जाते, "वर्ष"चं "वष" होतं, हे पानावर नऊ ठिकाणी एकदम होतं कारण आपण एकच चौकट कॉपी केलेली असते.

काही जुन्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते अन् जोडाक्षर फुटतं. तिथं सेटिंग शोधत बसण्यापेक्षा अक्षरं इंकस्केपमध्ये लिहा.

शेवटी सगळं पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच जातात, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काही बदलत नाही. अन् व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं.

६. रंगीत छापायच्या आधी कच्चा कॅट

हा टप्पा कोणी गाळू नये असं मला मनापासून वाटतं. साध्या ८० जीएसएमच्या कागदावर, काळ्या शाईत, ड्राफ्ट सेटिंगवर सगळे ५४ पत्ते छापा, कात्रीनं जमतील तसे कापा, अन् पोरांना घेऊन खेळायला बसा, हातात पेन्सिल ठेवून.

पहिल्याच डावात पोरं काय काय पकडतात ते बघा. संत्र्याच्या पत्त्यावर "पेरणी" लिहाल तर चौथीतलं पोरगं तिथंच थांबवेल, संत्र्याची कलमं लावतात, अन् मिरचीचं रोप लावतात, म्हणून वर मी सगळ्यांना "लागवड" हा एकच शब्द धरला. "बोंडअळी" हा पत्ता गव्हावर टाकता येतो का, असं कोणीतरी विचारेलच, मग त्यावर "फक्त कापसावर" हे दोन शब्द वाढवावे लागतात. हातात पत्ते पंख्यासारखे धरल्यावर डाव्या वरच्या कोपऱ्याएवढंच दिसतं, म्हणून पिकाचं चिन्ह अन् टप्पा तिथंच पाहिजे, मध्ये मोठं चित्र असून उपयोग नाही. डावखुरं पोर असलं तर त्याला उजवा कोपरा दिसतो, म्हणून चिन्ह दोन्ही कोपऱ्यांत ठेवा.

हे सगळं पेन्सिलनं पत्त्यावरच खोडून लिहा. दोन-चार वेगवेगळ्या टोळ्यांना खेळवा, मोठ्या माणसांनाही. खोडाखोड थांबली की फाइल दुरुस्त करा अन् मगच रंगीत शाईला हात लावा.

७. खरी छपाई

एक: प्रिंटच्या खिडकीत "ॲक्च्युअल साइज" किंवा "१०० टक्के" निवडा. "फिट टू पेज" असेल तर काढा. जगातले निम्मे पत्ते याच एका खुणेमुळं चुकत असतील. तपासायला पानाच्या कडेला बरोबर १०० मिमीची एक रेघ काढून ठेवा अन् छापल्यावर पट्टीनं मोजा. ९७ भरली तर पत्ताही तेवढाच आकसलाय अन् पंचात नीट बसणार नाही. मोबाइलवरून छापलं की बरेच ॲप न विचारता पान लहान-मोठं करतात, म्हणून पत्ते कॉम्प्युटरवरूनच छापा.

दोन: कागदाचा प्रकार "मॅट" अन् दर्जा "हाय" करा. कागद मॅट अन् सेटिंग "प्लेन" असेल तर रंग मेलेले येतात. स्क्रीनवरचा झगझगीत संत्री रंग कागदावर थोडा विटकरी दिसतोच, स्क्रीन उजेडानं रंग दाखवते अन् कागद शाईनं. चित्र थोडं उजळ करून घ्या अन् एका पत्त्याची चाचणी काढा, पूर्ण पानाची नको.

तीन: आधी सगळी समोरची बाजू छापा, एक तास तरी वाळू द्या, पावसाळ्यात जास्त. मग मागची. कागद कसा उलटायचा हे प्रत्येक प्रिंटरचं वेगळं, म्हणून साध्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलनं बाण काढून एकदा छापून पाहा, बाण कुठं आला त्यावरून कळतं. नंतर तेच प्रिंटरवर कागदाची चिठ्ठी लावून लिहून ठेवा, सहा महिन्यांनी आठवत नाही.

चार: पुढची अन् मागची बाजू एकमेकांवर तंतोतंत कधीच बसत नाही, एक-दोन मिमी सरकतेच. म्हणून मागच्या बाजूला मध्यभागी बोधचिन्ह, भोवती चौकट असं काही घेऊ नका. सगळ्या पानभर पसरणारी बारीक नक्षी घ्या, पानं, ठिपके, तिरक्या रेघा. सरकली तरी कळत नाही. अन् मागची बाजू गडद घेऊ नका, गडद रंग टाकी रिकामी करतो अन् कापल्यावर पांढरी कड चमकते.

पाच, ज्याकडे कोणाचं लक्ष जात नाही: सगळ्या पानांची मागची बाजू एकाच बैठकीत छापा, एकाच पाकिटातल्या कागदावर, एकाच सेटिंगवर. तीन पानं आज अन् तीन पुढच्या आठवड्यात छापली तर रंगात हलका फरक पडतो, अन् पोरांची नजर लय तेज असते, कोणत्या छटेच्या पत्त्यात अवकाळी आहे हे त्यांना दोन डावांत पाठ होतं. मग खेळ संपला.

प्रिंटरच्या तब्येतीबद्दल थोडं, आपल्या इकडच्या हवेमुळं. पारा ४५च्या पुढं जातो तेव्हा, नवतपात (मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) तर विशेष, नोझलमधली (शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांमधली) शाई सुकते. आठवड्यातून एकदा रंगीत नोझल चेक काढत राहा, काम असो वा नसो. प्रिंटर नेहमी त्याच्या बटणानंच बंद करा, बोर्डाचं बटण दाबून नाही. बटणानं बंद केला की हेड आपल्या जागेवर जाऊन झाकलं जातं, मध्येच करंट गेला तर ते उघडं राहतं. लाइन गेलीच तर आल्याबरोबर चालू करून पुन्हा बटणानं बंद करा. पावसाळ्यात कागद सर्दावतो अन् दोन-दोन पानं एकदम ओढली जातात, पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून पेटीत ठेवा.

घरी प्रिंटर नसेल अन् झेरॉक्सच्या दुकानातल्या लेझरवर काढणार असाल तर एक गोष्ट जीव तोडून सांगतो: इंकजेटचा ग्लॉसी फोटो पेपर, ड्रॅगन शीट किंवा कुठलाही इंकजेटचा कोटिंगवाला कागद लेझर मशीनमध्ये टाकू देऊ नका. लेझर आत तापतं, कोटिंग वितळून आतल्या रोलरला चिकटतं अन् दुसऱ्याचं महागडं मशीन बसतं. तिथं १७० किंवा २०० जीएसएमचा साधा आर्ट पेपर द्या, दुकानदाराला विचारून.

८. लॅमिनेशन

छापलेली पानं एक रात्र पंख्याच्या वाऱ्यावर वाळू द्या. ओलसर शाईवर गरम लॅमिनेशन केलं की आत बुडबुडे अन् ढग येतात, ते परत निघत नाहीत. अख्खं पान ए४ पाउचमध्ये घालून सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सवाल्याकडे मशीनमधून काढून घ्या, पाउचची बंद कड आधी आत जाऊ द्या. पान गरम असतानाच सपाट ठेवून वर दोन जाड पुस्तकं ठेवा, नाहीतर ते वाकतं अन् पुढं प्रत्येक पत्ता वाकतो. घरी इस्त्रीनं करायला जाऊ नका, सगळीकडे सारखा दाब बसत नाही अन् कडा सुटतात.

पान लॅमिनेट केल्यावर कापतो, त्यामुळं पत्त्याची कड उघडी राहते. चांगलं चिकटलं असेल तर काही होत नाही, पण पाण्यात भिजवू नका. एक पत्ता कापून नखानं कड उचकटून पाहा, सहज उघडला तर मशीन थंड होतं, बाकीची पानं अजून एकदा फिरवून घ्या अन् मगच कापा.

चकचकीत लॅमिनेशनचे नवे पत्ते घामट हातात एकमेकांना चिकटतात. चिमूटभर टाल्कम पावडर फडक्यावर घेऊन मागून-पुढून पुसा, सुटे होतात. मॅट पाउच भेटलं तर तेच घ्या.

९. कापणे

पंचावर कापायचं असेल तर आधी घरी पट्टी अन् कटरनं पानाचे नऊ तुकडे करा, ५८ × ९०चे, जरा इकडे-तिकडे चाललं, मग सेवा केंद्रात एकेक तुकडा पंचात. आधी दोन रद्दीचे तुकडे घालून पंच नेमका कुठं बसतो ते पाहा. लॅमिनेट केलेला पत्ता पंचात साफ कापतो, नुसता पातळ कागद मात्र चावल्यासारखा कापला जातो, पंच प्लास्टिकच्या जाडीसाठी बनलेला असतो. सगळं काम एका फेरीत करून घ्या अन् पैसे आधीच ठरवा, पत्त्यामागे नाही, कॅटमागे. दाखल्यांच्या गर्दीत जूनमध्ये किंवा पीक विम्याच्या शेवटच्या तारखेच्या आठवड्यात जाऊ नका, तिथं लोकांची महत्त्वाची कामं असतात. दुपारी दोन-तीनला, कमी गर्दीच्या दिवशी, चहा पाजून बसा, तो स्वतः मदत करतो.

एकाच खेळाचे दहा-वीस कॅट करायचे असतील तर प्रेस. तिथलं कटिंग मशीन पानांची गठ्ठी एकदम कापतं, फक्त सगळी पानं एकाच कडेला टेकवून सरळ लावून द्या. कोपरे गोल करायचं हत्यार प्रत्येक प्रेसवाल्याकडे नसतं, विचारून घ्या. तुळशीचं लग्न झालं की त्यांचा सीझन सुरू होतो, तेव्हा तुमच्या पत्त्यांना कोणी हात लावणार नाही. पावसाळ्यात जा. पत्रिकांच्या कापणीत उरलेल्या जाड कार्डाच्या पट्ट्याही तिथं मागा, कागदी टोकन बनवायला फार चांगल्या.

दोन्ही नसेल तर हातानं. पट्टी घट्ट दाबून कटर हलका दोन-तीनदा फिरवा, एकाच दमात जोर लावला तर पट्टी सरकते. पट्टी पत्त्याच्या बाजूला ठेवा, कटर बाहेरच्या बाजूला, म्हणजे घसरला तरी रद्दीच कापली जाईल. बोटं पट्टीच्या कडेपासून आत. पोरांना कटर देऊ नका, त्यांना मोजायचं अन् लावायचं काम द्या. कोपरे नखं कापायच्या नेलकटरनं टिपता येतात, दोन टिचक्यांत बऱ्यापैकी गोल होतात, लॅमिनेशनचा टोकदार कोपरा बोटाला लागतो म्हणून हे कराच.

१०. सुटे पत्ते अन् फाइल जपून ठेवा

पोरांच्या हातात पत्ते गेले की एक-दोन हरवणारच. म्हणून मागची बाजू छापता तेव्हाच एक पान जास्तीचं छापा, समोरची बाजू कोरी ठेवून. हे नऊ कोरे पत्ते त्याच रंगाचे, त्याच दिवसाचे असतात. ते लॅमिनेट न करता ठेवा. पत्ता हरवला की कोऱ्यावर स्केच पेननं लिहून, चित्र काढून, मग एकटाच लॅमिनेट करून कापा. पंच तोच असल्यामुळं तो बाकीच्यांत मिसळून जातो, मागून ओळखू येत नाही.

फाइलच्या नावात खेळाचं नाव, माप अन् तारीख टाका, अन् पीडीएफसोबत मूळ लिब्रेऑफिसची फाइलही ठेवा, कारण पीडीएफमध्ये नंतर शब्द सहज बदलता येत नाही. त्याच फोल्डरमध्ये एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवा: कोणता कागद, कोणतं सेटिंग, कोणतं पाउच, कागद उलटताना वरची कड कुठं होती. पुढच्या वर्षी शेजारच्या गावातली शाळा कॅट मागते तेव्हा हीच फाइल उघडायची, सहा पानं छापायची, रात्रभर वाळवायची, अन् दुसऱ्या दिवशी कॅट तयार.